चाळिसावं जेवण

ओर्सोलाच्या कळा सुरू झाल्या त्या नेमक्या चाळिसाव्या दिवशी. सकाळची मेंढरं गडाबाहेर गेली आणि वरच्या माडीतून पहिली किंकाळी आली.

इलोना राणी जिन्यावरून खाली आली ती थेट स्वयंपाकघरात.

"आज किती पदार्थ आहेत?"

"रोजचेच, बाईसाहेब. सात," ग्रुबान म्हणाला. तो वाढप्यांचा मुख्य. तीन राजांना जेवू घातलेला म्हातारा.

"वीस कर."

"वीस?"

"सुईण म्हणते दुपार टळेल. तोवर महाराज जेवत राहिले पाहिजेत. राजाला जेवताना कुणी घाई करतं का?"

"नाही करत."

"मग कर वीस. काहीही कर. कांदे उकड, पण ताट रिकामं राहू देऊ नकोस."

ग्रुबानने मान हलवली. चुलीपाशी उभ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. महाराज म्हणजे तोलीमीर राजा. तो तळघरातल्या शिशाच्या पेटीत होता, चाळीस दिवस. वर दिवाणखान्यात जेवायला बसायचा तो त्याचा मेणाचा पुतळा.

स्त्राझाच्या राज्यात हा नियमच आहे. राजा मेला आणि मुकुट घालायला मुलगा हजर नसला, की मेणाचा राजा करायचा. त्याला राजाचेच कपडे, राजाच्याच दाढीचे केस. रोज दुपारी त्याला वाढायचं. तो जेवतोय तोवर राज्य त्याचं. चाळिसाव्या दिवशीच्या जेवणात वारस जन्मला तर त्याला पुतळ्याच्या मांडीवर ठेवायचं, की झाला तो राजा. नाही जन्मला तर राजाचा भाऊ.

अट एकच. पुतळ्यापुढचं उष्टं रक्ताच्या माणसाने खायचं. जो खातो त्यानेच ताट पालथं घातलं की जेवण संपलं.

गडावर रक्ताची माणसं दोनच उरली होती. राजाचा धाकटा भाऊ दोमाल्द आणि पहिल्या राणीची मुलगी देसा. इलोनाचा स्वतःचा मुलगा स्तान्को उन्हाळ्यात तापाने गेला होता. ओर्सोला त्याचीच बायको. दोमाल्दने पहिल्या दिवशी एक घास खाल्ला, पोट बिघडलं म्हणून सांगितलं, आणि पुन्हा ताटाला हात लावला नाही.

एकोणचाळीस दिवस देसाच जेवली होती.

*

"दादा, तब्येत सुधारली हं तुझी," दोमाल्द पुतळ्याकडे बघत म्हणाला आणि त्याच्या डाव्या हाताला बसला. "गालावर तेज आलंय."

समोरच्या बाकावर तीन सरदार साक्षीला बसले होते. त्यातला सगळ्यात म्हातारा हसला आणि मग खोकल्यासारखं केलं.

"भाऊजी, थट्टा नको," टेबलाच्या टोकावरून इलोना म्हणाली.

"थट्टा कुठे, वहिनी? बघा ना. जिवंतपणी असा कधी दिसला होता का तो?"

देसाने बघितलं नाही. ती पुतळ्याच्या उजव्या हाताला बसायची. आता तिला बघायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी पुतळ्याचे दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवलेले होते. ते हळूहळू वळत गेले. आज तळवे पूर्ण वर होते आणि बोटं किंचित मिटलेली. काहीतरी घ्यायला पुढे केलेले हात असतात तसे.

"शेकोटीची धग लागते. मेण मऊ होतं," इलोना पंधरा दिवसांपूर्वी म्हणाली होती. शेकोटी दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

ग्रुबानने जवाचं सूप आणलं. दोन वाढप्यांनी पुतळ्यापुढे पांढरा पडदा धरला, कारण राजाला खाताना कुणी बघायचं नसतं. पडदा धरणारेसुद्धा मान वळवतात. ग्रुबानने तीनदा प्रार्थना म्हटली. पडदा खाली आला. वाडगा देसापुढे सरकला.

सूप चार बोटं कमी झालेलं होतं.

देसाने चमचा उचलला आणि खायला लागली.

बाराव्या दिवसापासून हे चाललं होतं. पहिल्यांदा पावाचा कोपरा गेला होता. तिला वाटलं उंदीर. मग मटणाच्या तुकड्यावर चावा दिसला. ती घाबरली नव्हती, खरं सांगायचं तर. तिला रडू आलं होतं. बाबा आहेत अजून, असं वाटलं. ती हळूच म्हणायचीसुद्धा, "सावकाश खा, बाबा. घशात अडकेल."

एकतिसाव्या दिवशी मेंढीचं जुनं घट्ट चीज वाढलं. पडदा खाली आला. चीजवर दातांचे ठसे उमटलेले होते, साच्यातून काढल्यासारखे स्वच्छ. वरचे सहा, खालचे सहा.

तोलीमीरचे पुढचे वरचे चार दात बारा वर्षांपूर्वी घोड्याच्या लाथेने गेले होते. तेव्हापासून तो पाव दुधात बुडवून खायचा.

त्या दिवसानंतर देसा ताटाशी बोलली नाही. पण खायचं थांबवलंही नाही. थांबली असती तर काका राजा झाला असता, आणि काकाने चुलतभावाच्या दोन मुलांचं काय केलं ते सगळ्या गडाला माहीत होतं. ती मुलं आता मठात होती. भिंत चाचपत चालायची.

*

नववा पदार्थ नदीचा मासा होता. वरून किंकाळ्या आता लवकर लवकर यायला लागल्या होत्या.

दोमाल्द पुतळ्याच्या मागून देसाकडे झुकला. "किती खाशील गं? फुटशील."

"तुम्हाला काळजी वाटते का, काका?"

"वाटते. आपल्या दोघांशिवाय आहे कोण आता?" त्याने आवाज आणखी खाली घेतला. "ताट पालथं घाल, देसा. तुला मठात नाही पाठवणार. समुद्राकाठचं घर देतो, तुझ्या आईचं होतं ते. मनात असेल त्याच्याशी लग्न कर, नाहीतर करू नकोस."

"आणि वर जे जन्माला येतंय त्याचं?"

दोमाल्दने नजर पुतळ्याकडे वळवली. खोटं बोलायला तो कंटाळायचा, हा त्याचा एक चांगला गुण होता.

"म्हणूनच खाते मी," देसा म्हणाली आणि काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"तुला माहितेय ना तू कुणाचं उष्टं खातेस?"

देसाचा हात थांबला.

दोमाल्दचा चेहरा आता हसरा नव्हता. "पहिल्या दिवशी मी पाव उचलला. चावा होता. मी म्हटलं, ग्रुबान म्हातारा झाला, उष्टा पाव आणला. मग नीट बघितलं. दादाला पुढचे दात होते का? मी बाहेर जाऊन सगळं ओकलो."

"पहिल्या दिवसापासून?"

"तुला नंतर दिसलं? मग तुला सवय लावत होता तो."

"कोण तो?"

"मला काय विचारतेस? ग्रुबानला विचार. तुझ्या पणजोबांनी गड घेतला तेव्हा त्याचा आजा होता वाढायला."

टेबलाच्या टोकावरून इलोना हे बघत होती. पुतणी आणि काका कुजबुजताहेत. पंधराव्या वर्षी ती या गडावर आली, भाषा येत नव्हती, पहिल्या राणीची ही चार वर्षांची मुलगी तिच्याकडे टक लावून बघायची. आजही तशीच बघते. इलोनाने तिला कधी मारलं नव्हतं. कधी जवळही घेतलं नव्हतं. आणि आता सगळं त्या मुलीच्या घशावर येऊन ठेपलं होतं.

"देसा," ती मोठ्याने म्हणाली, "मासा आवडला नाही का? महाराज थांबलेत."

"आवडला, आई. काटे आहेत."

"काटे बाजूला काढ नि खा. आपण बायकांनी जन्मभर दुसरं काय केलं?"

सरदार हसले. दोमाल्दसुद्धा हसला. देसा खात राहिली.

*

तेराव्या आणि चौदाव्या पदार्थाच्या मध्ये तिला बाहेर जाऊन ओकायची परवानगी मिळाली. ग्रुबान तिच्यासोबत अंगणापर्यंत आला. पाण्याचा तांब्या धरून उभा राहिला.

"ग्रुबानकाका, पणजोबा राजा कसे झाले?"

"लहानपणापासून ऐकतेस की, पोरी. वुकने या गडाच्या जुन्या धन्याला लढाईत—"

"लढाईत नाही. खरं सांगा."

म्हाताऱ्याने आजूबाजूला बघितलं. अंगणात एक कोंबडी होती फक्त.

"वुक जुन्या धन्याच्या मिठागरांवर मुकादम होता," तो म्हणाला. "धन्याने त्याला जेवायला बोलावलं. मान दिला. स्वतःच्या हाताने मीठ वाढलं त्याच्यापुढे. वुकने ते खाल्लं. आणि मग वुकच्या माणसांनी दारं लावून घेतली. माझा आजा सांगायचा, धन्याच्या तोंडात घास होता. तो गिळायलाही वेळ दिला नाही. अर्ध्या जेवणावरून गेला बघ."

"याच खुर्चीत?"

"खुर्ची कोण बदलतंय? मजबूत लाकूड आहे." त्याने तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "वुकचा मुलगा राजा झाला तेव्हा त्याला झोप लागेना. म्हणायचा, दिवाणखान्यात कोणीतरी वाट बघत बसलंय. त्यानेच ही चाळीस दिवसांची प्रथा पाडली. लोकांना सांगितलं, आमच्या घरातला राजा अर्ध्या ताटावरून उठत नाही. म्हणून टेबलावर मीठही ठेवत नाही आपण. स्वयंपाकात घालतो तेवढंच. बघितलंस कधी मिठाची वाटी?"

नव्हती बघितली. मिठाचं राज्य त्यांचं, आणि टेबलावर मीठ नाही. तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"मग आमचे आजोबा मेले तेव्हा? तेव्हाही बसवला होता का पुतळा?"

"नाही. मुलं हजर होती. मधे कधी गरजच पडली नाही." ग्रुबानने तांब्या तिच्या हातात दिला. "प्रथा पडल्यापासून ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं उपाशी होता तो."

"तुम्हाला माहीत होतं!"

"मी पडद्यापाशी उभा राहतो, पोरी. मान वळवलेली असते, कान नाही. चावण्याचा आवाज येतो."

देसाने चूळ भरली. "आणि आज बाळाला त्याच्या मांडीवर ठेवायचंय."

ग्रुबानने रिकामा तांब्या परत घेतला.

*

देसा परत आली ती टेबलाच्या टोकाला गेली आणि इलोनाच्या कानाशी वाकली.

"आई, बाळाला मांडीवर ठेवायचं नाही."

"काय?"

"हातात मुकुट द्या, डोक्यावर टेकवा, काहीही करा. मांडीवर नको. ते बाबा नाहीत."

इलोनाने तिच्याकडे बघितलं. तिला वास आला, ओकलेल्या तोंडाचा. "काय देऊ केलं तुला दोमाल्दने?"

"घर. मी घेतलं नाही. आई, उष्ट्यावर दात उमटतात. बाबांना पुढचे दात नव्हते."

"दात? कसले दात? मुली, तू दीड महिना नीट झोपलेली नाहीस."

"तुम्ही स्वतः बघा. पुढचं ताट बघा."

"मी रक्ताची नाही. मी ताटाकडे बघितलं तरी हे तिघे म्हणतील प्रथा मोडली." इलोनाने तिचं मनगट धरलं. घट्ट. "ऐक. माझा मुलगा गेला. नवरा गेला. वर जे आहे तेवढंच माझं आहे. ते मांडीवर ठेवलं नाही तर राजा होत नाही. राजा झालं नाही तर तुझा काका त्याचे डोळे काढेल. तू मला दातांचं काय सांगतेस?"

देसाने मनगट सोडवून घेतलं. खरं म्हणजे इलोनाचं बरोबरच होतं. तेच तर वाईट होतं.

ती जागेवर जाऊन बसली. सोळावा पदार्थ. उकडलेले कांदे. पडदा वर गेला. ग्रुबानने प्रार्थना सुरू केली.

या वेळी देसाने मान वळवली नाही. ती पडद्याच्या आत, उजव्या बाजूलाच बसलेली होती. रोज ती डोळे मिटून घ्यायची. आज उघडे ठेवले.

पुतळा हलला नाही. तोंड मिटलेलंच होतं. पण कांदा कमी होत होता. थर थर, शांतपणे, कडेने. आणि पुतळ्याच्या गळ्यावरून काहीतरी खाली सरकत होतं, आवंढ्यासारखं.

मग तिला दिसलं, पुतळ्याचे काचेचे डोळे छताकडे वळलेले होते. ओर्सोलाची माडी त्याच बाजूला होती.

पडदा खाली आला आणि त्याच क्षणी वरून रडण्याचा आवाज आला. बाळाचा. खणखणीत.

सगळे उठून उभे राहिले. माडीच्या दारातून एक बाई ओरडली, "मुलगा! मुलगा झाला!"

"साक्षीदारहो, ऐकलंत?" इलोना म्हणाली आणि धावली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच धावली असेल. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज वर वर जात राहिला.

माडीला बासष्ट पायऱ्या होत्या. देसाने लहानपणी त्या हजारदा मोजल्या होत्या.

"संपलं," दोमाल्द खुर्चीत मागे रेलला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "जिंकली वहिनी."

देसा त्याच्याकडे वळली. "काका, तो राजा झाला तर तुम्ही त्याला सोडणार नाही."

"नाही."

"आणि नुसता मुलगा असेल तर?"

दोमाल्दच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "नुसता मुलगा माझ्या काय कामाचा?"

"धक्क्याला व्हेनिसचं मिठाचं जहाज आहे. संध्याकाळी सुटतं. ओर्सोला, बाळ आणि मी. आई यायचं म्हणाली तर आईसुद्धा. कुणी हात लावायचा नाही, मागून माणूस पाठवायचा नाही. या तिघांसमोर शपथ घ्या."

वरचं दार उघडल्याचा आवाज आला. बाळाचं रडणं जवळ यायला लागलं.

"देसा, तू खरंच—"

"घ्या लवकर!"

"घेतली. पावावर हात ठेवून घेतली. दादाच्या आत्म्याची शपथ."

"दादाची नको. तुमच्या डोळ्यांची घ्या."

दोमाल्दने पावावरचा हात काढला. "माझ्या डोळ्यांची."

म्हाताऱ्या सरदाराने मान डोलावली. "ऐकलं."

"ग्रुबानकाका, मीठ."

ग्रुबानने विचारलं नाही. जणू तो चाळीस दिवस त्याच शब्दाची वाट बघत होता. दाराआडून त्याने मूठभर खडेमीठ आणलं. देसाने ते घेतलं आणि पुतळ्याच्या उघड्या तळव्यांत ठेवलं.

"धनी," ती म्हणाली. "हे तुमचं मीठ. आमच्या पणजोबांनी खाल्लं आणि जागले नाहीत. तुमचं जेवण अर्धं राहिलं होतं. ते झालं आता. मुलाला मागू नका. तो नुसता मुलगा आहे."

जिन्यावर पावलं. शेवटच्या वळणावर.

देसाने कांद्याचं ताट उचललं आणि पालथं घातलं.

लाकडावर लाकूड आपटलं. एवढा छोटा आवाज, पण खालच्या अंगणातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. पुतळ्याची बोटं मिठावर मिटली होती. ती कधी मिटली ते कुणी बघितलं नाही.

इलोना दारात उभी होती. छातीशी गाठोडं, केस सुटलेले, तोंडावर हसू. तिने पालथं ताट बघितलं. हसू जायला थोडा वेळ लागला.

"काय केलंस?"

"जेवण संपलं, आई."

"चार पावलं. चार पावलं राहिली होती मी."

"माहितेय."

"चार पिढ्यांचं घर बुडवलंस तू!"

"हो," देसा म्हणाली. "बाळ द्या इकडे. तुम्ही दमलात."

इलोनाने दिलं नाही. ती तिथेच दाराच्या चौकटीत खाली बसली, बाळाला घेऊन. मग खूप वेळाने दोन्ही हात पुढे केले.

*

पुतळा खुर्चीतून उचलायला सहा माणसं लागली. आणताना दोघांनी आणला होता.

तो निघाल्यावर दोमाल्द खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला. तीन सरदार गुडघ्यावर बसले. आयुष्यभर त्याला ही खुर्ची हवी होती. लहानपणी दादा बाहेर गेला की तो गुपचूप तिच्यात बसून पाय हलवायचा. तो बसला आणि लगेच अर्धा उठला.

"ग्रुबान, ही गरम आहे."

"चाळीस दिवस बसले होते ना, महाराज."

"मेण गरम नसतं."

"नसतं," ग्रुबान म्हणाला.

दोमाल्द हळूहळू पुन्हा टेकला. दोन्ही हात टेबलावर ठेवले, उपडे. थोडा वेळ तसाच बसला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काहीतरी खायला आण. सकाळपासून नुसतं बघतोय. भयंकर भूक लागलीय."

*

जहाज सुटलं तेव्हा सूर्य टेकला होता. इलोना आली नाही. ती नवऱ्याच्या शिशाच्या पेटीपाशी बसून राहिली. "मला आता कुठली भाषा शिकायचं वय राहिलंय?" एवढंच म्हणाली. पण ओर्सोलाला गुंडाळायला स्वतःची लोकरीची शाल पाठवली होती.

ओर्सोला मिठाच्या पोत्यांना टेकून पडली होती. पांढरीफटक. बाळ तिच्या अंगावर दूध पीत होतं. तिला सगळं सांगून झालं होतं. तिला किती पटलं कोण जाणे. ती राजाची आई होणार होती, चार पावलांनी चुकली.

"तुला राग आलाय माझा?" देसाने विचारलं.

"उद्या येईल. आज ताकद नाही." ओर्सोलाने डोळे मिटले. मग म्हणाली, "याचं नाव ठरलं होतं. वुक. सासूबाईंनी ठरवलं होतं."

"नको ते."

"मग स्तान्को?"

देसाला भाऊ आठवला. "तेही नको. आमच्या घरातलं एकही नको, ओर्सोला."

"माझ्या आईचे वडील होते. झोर्झी. त्यांचं ठेवू?"

"काय करायचे ते?"

"दोर वळायचे. जहाजांचे. साधा माणूस. म्हातारे झाले, अंथरुणातच गेले, नातवंडांना शिव्या घालत."

देसाने बाळाच्या मुठीत बोट घातलं. त्याने ते पकडलं, चांगलं घट्ट.

"झोर्झी," ती म्हणाली. "छान आहे. हाक मारायला सोपं आहे."